टेप गेली, जपणूक आपल्यावर आली



गेल्या दोन महिन्यांत तीन गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे मोठा व्हिडिओ कॅमेरा आहे. आम्हालाही घ्यायचाय. कोणता घेऊ?" म्हणून आजचं बोलणं त्यावरच. आम्ही काही कॅमेऱ्याच्या शाळेत शिकलेल्या नाही. आमच्यातली एक शिवणकाम करते, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, तिघी शेतात जातात. जे शिकलो ते हातानं करून आणि चुकून शिकलो. त्यातली सगळ्यात महाग चूक आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्याभोवती आहे.

कॅमेरा घेऊन आम्हाला चार महिने झाले होते. ग्रामसभा भरली. विषय होता वरच्या वस्तीच्या नळाचा. तीन तासांच्या वर सभा चालली आणि आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यात घेतली. शेवटच्या तासात, सगळ्या गावासमोर, चैत्राच्या आत वरच्या वस्तीला नळ देऊ असं सांगितलं गेलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्याही कॅमेऱ्यात आल्या.

संध्याकाळी कार्ड काँप्युटरला लावलं आणि कॉपी करायला ठेवलं. मध्येच लाईट गेली. सकाळी दुसरी एक जण आली. तिनं पाहिलं, काँप्युटरवर ग्रामसभेच्या नावाचं फोल्डर आहे, आत फायली आहेत. तिला वाटलं, झालं काम. तिनं कार्ड कोरं केलं. त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाचं शूटिंग झालं.

चैत्र आला, नळ आला नाही. पुढच्या सभेत वरच्या वस्तीतल्या एक आजी उभ्या राहिल्या. उत्तर मिळालं, "असं कुणी बोललंच नव्हतं." इतिवृत्ताच्या वहीत तसा शब्द नव्हता. आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडं तर कॅमेरा होता ना?" आम्ही घरी येऊन फोल्डर उघडलं. पहिले दोन तास होते. शेवटचा तास नव्हता.

मैत्रिणींनो, कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. कार्ड खराब नव्हतं. टेप गेल्यावर काय बदललं, ते आम्हाला कळलं नव्हतं.

तुमच्यातल्या कित्येकींच्या ट्रंकेत लग्नाची कॅसेट असेल. ती लावायला यंत्र नसेल, तरी कॅसेट आहे. टेपच्या कॅमेऱ्याचं असंच होतं. मिनी-डीव्ही नावाची छोटी टेप यायची, साधारण एका तासाची. भरली की काढायची, वर नाव लिहायचं, कपाटात ठेवायची. काँप्युटरवर घ्यायला मात्र तासाच्या टेपला पुरा तास लागायचा. पण घेताना काहीही चुकलं तरी मूळ टेप कपाटात असायची. कुणी ती मुद्दाम पुसत नसे. घेणं आणि जपणं एकाच वस्तूत होतं.

मग कार्डं आली. पॅनासोनिक कंपनीनं २००४ साली पी-टू नावाच्या कार्डावर चालणारा व्यावसायिक कॅमेरा आणला. सोनीनं २००७ मध्ये एस-बाय-एस नावाचं कार्ड आणलं. ही कार्डं फार महाग होती. मधल्या काळात, २००६ मध्ये, या दोन कंपन्यांनी मिळून एव्हीसीएचडी नावाची चित्र साठवायची पद्धत काढली. तिच्यामुळे चांगलं चित्र कमी जागेत मावू लागलं आणि आपल्या ओळखीच्या साध्या एसडी कार्डावर काम होऊ लागलं. आज तासाचं शूटिंग दहा-पंधरा मिनिटांत काँप्युटरवर येतं. टेप अडकत नाही, तिला सुरकुती पडत नाही. पण कार्ड आपण कपाटात ठेवत नाही. ते रिकामं करून पुन्हा वापरतो. म्हणजे मूळ प्रत आपण आपल्याच हातानं पुसतो, दर वेळी. हे ध्यानात ठेवून कॅमेरा निवडा.

आधी एक विचारून घ्या: मोठा कॅमेरा खरंच हवा का? पाच मिनिटांची मुलाखत, पिकावरची कीड, बचत गटाचं दुकान, एवढ्याला चांगला मोबाईल पुरतो. त्याला बाहेरून माइक लावा, झालं. मोठा कॅमेरा लागतो तो लांब चालणाऱ्या कामाला. सभा, जनसुनावणी, मेळावा, दिवसभराचं प्रशिक्षण. तिथे लांबूनही चेहरा जवळ आणता आला पाहिजे, बोलणं स्पष्ट आलं पाहिजे आणि रेकॉर्डिंग तुटलं नाही पाहिजे.

दुकानदार तुम्हाला फोटोचा कॅमेरा दाखवील. म्हणेल, "ताई, यात व्हिडिओपण होतो, चित्र सिनेमासारखं येतं." खरं आहे. पण यातले पुष्कळ जुने कॅमेरे एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी आपोआप थांबतात. त्याचं कारण मजेशीर आहे. युरोपात अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त आयात कर लागायचा. तो चुकवायला कंपन्यांनी मर्यादा घालून ठेवली. युरोपचा कर आणि आपली ग्रामसभा यांचा काय संबंध? पण नेमकं महत्त्वाचं बोलणं चालू असताना कॅमेरा बंद पडतो. म्हणून सभेसाठी व्हिडिओचाच कॅमेरा बघा.

आता त्यात काय बघायचं? आमचा क्रम सांगतो.

पहिलं, कार्डाच्या दोन खाचा. एक कार्ड भरलं की दुसऱ्यावर आपोआप जाणं ही एक सोय. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तेच चित्र उतरणं ही दुसरी. दुकानात उभ्या उभ्या दोन्ही करून बघा, कारण काही कॅमेऱ्यांत पहिलीच असते. दुसरी सोय असलेला कॅमेरा आमच्याकडे असता, आणि आम्ही ती वापरली असती, तर त्या आजींना उत्तर देता आलं असतं.

दुसरं, कार्ड कोणत्या जातीचं. साधं एसडी कार्ड चालत असेल तर ते तालुक्याला मिळतं. खास कंपनीचं कार्ड लागत असेल तर ऐन वेळी मुंबई-पुण्याकडे बघत बसावं लागतं. जुना कॅमेरा स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना हे आधी विचारा. कधी कधी कॅमेरा स्वस्त आणि त्याचं कार्ड महाग असतं.

तिसरं, आवाज. कॅमेऱ्यावर तीन पिनांच्या माइकची दोन गोल सॉकेटं हवीत. त्यांना एक्सएलआर म्हणतात. मंडपवाल्याच्या माइकची जाड तार असते, तीच ही. त्यातली तार ओढली तरी सहज निसटत नाही. दोन सॉकेटं म्हणजे दोन आवाज वेगवेगळे घेता येतात. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात. बोलणं कळलं नाही तर उठून जातात.

चौथं, हातानं फिरवायच्या कड्या आणि बटणं. फोकस, झूम आणि उजेड कमी-जास्त करायची सोय बाहेरच असावी, पडद्यावरच्या यादीत शोधावी लागू नये. आपल्याकडच्या उन्हासाठी एनडी फिल्टरही हवा. हा कॅमेऱ्याचा काळा चष्मा. दुपारच्या शूटिंगला तो लागतोच.

पाचवं, वजन आणि बॅटरी. हे कॅमेरे दीड ते तीन किलोपर्यंत असतात. जिला तो धरायचाय तिनं दुकानात दहा मिनिटं धरून बघावा. बॅटरी कोणत्या जातीची तेही विचारा. सोनीच्या एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या कितीतरी एलईडी दिव्यांनाही चालतात. एक चार्जर दोन कामं करतो.

जुना कॅमेरा घेत असाल तर अजून चार गोष्टी. तो किती तास चालला हे काही कॅमेरे स्वतःच सांगतात, ते बघा. लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, आत जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात. लेन्सवर झाकण ठेवून पडदा बघा, अंधारात पांढरे ठिपके चमकत राहिले तर तो दोष. आणि दोन्ही सॉकेटं, दोन्ही खाचा स्वतः वापरून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका, ही आमची कळकळीची विनंती. कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम तरी बाजूला ठेवा. तिपाई, माइक, हेडफोन, दोन जादा बॅटऱ्या, तीन-चार कार्डं, कार्ड रीडर आणि दोन हार्ड डिस्क. यादीतली शेवटची वस्तू सगळ्याच गट विसरतात. आम्हीही विसरलो होतो.

आता थोडा हिशोब करू. भिशीचा हिशोब करणाऱ्या बाईला हा अवघड नाही. कॅमेरा एका सेकंदाला किती मजकूर लिहितो, तो आकडा मेगाबिटमध्ये सांगतात. त्या आकड्याचे शंभरातले पंचेचाळीस हिस्से काढा, की तासाला किती जीबी लागतील ते कळतं. एव्हीसीएचडीत चांगल्या चित्राचा आकडा २४ ते २८ असतो. २८ धरला तर तासाला साधारण साडेबारा जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साडेचार-पाच तास. आकडा ५० असेल तर तासाला साडेबावीस जीबी, त्याच कार्डात पावणेतीन तासांच्या आतबाहेर. फोर-के चित्राचा आकडा १०० असला तर तासाला ४५ जीबी. फोर-के चित्र सुंदर असतं, पण सभेला ते लागत नाही आणि डिस्क भराभर भरते. आम्ही साधं एचडीच वापरतो.

कार्डावर 'क्लास १०' लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला किमान १० एमबी लिहितं. आपल्याला २८ मेगाबिटला साडेतीन एमबी लागतात, म्हणजे पुरेसं झालं. फोर-केसाठी 'व्ही-३०' लिहिलेलं घ्या. बाजारात नकली कार्डं फार. नवं कार्ड आधी पूर्ण भरून, शेवटपर्यंत चालवून बघा. मगच सभेला न्या.

आता प्रत्यक्ष काम. इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तेलंगणात झहीराबादजवळ, मराठवाड्याच्या सीमेपासून फार लांब नाही, पस्तापूर परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमच्या बाया आहेत. शेतात राबणाऱ्या, बहुतेक दलित समाजातल्या. त्या स्वतः फिल्म बनवतात. त्यांचाच संघम रेडिओ २००८ साली सुरू झाला. त्यांनी शॉटना स्वतःची नावं दिली आहेत. वरून खाली बघणारा शॉट म्हणजे पटेल शॉट, कारण जमीनदार तसा बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडेल असा, समोरासमोरचा, तो संघम शॉट, कारण संघमात सगळ्या सारख्या. अहमदाबादला सेवा संस्थेच्या बाया तर १९८४ पासून व्हिडिओ करतात, आणि त्यांतल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. तेव्हा "हे आपल्याला जमेल का" हा प्रश्न आता जुना झाला.

आम्हीही तसंच करतो. जमिनीवर बसलेल्या बाईचं बोलणं घ्यायचं असेल तर तिपाई खाली करून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणतो. सभेत मात्र तिपाई बाजूला, बोलणारा आणि बसलेल्या बाया दोन्ही दिसतील अशी लावतो. सुरू करण्याआधी सांगतो, की आम्ही हे घेतोय आणि कुठे दाखवणार. एखादी नको म्हणाली तर तिच्यावर कॅमेरा नेत नाही.

कॅमेऱ्याची मांडणी आपल्या देशाच्या विजेला जुळवा. आपली वीज ५० सायकलची. म्हणून चित्र ५०-आय किंवा २५-पी वर ठेवा आणि शटर पन्नासाव्या भागावर. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे धावताना दिसतात.

पांढरा रंग ओळखून द्यायला कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरतात. आम्ही पहिल्यांदा एका आजोबांचं धोतर धरलं. त्याला नीळ दिलेली होती! कॅमेऱ्यानं निळसर रंगालाच पांढरा मानलं आणि सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे आले. तेव्हापासून पिशवीत कोरा कागद ठेवतो. जागा बदलली, उन्हातून आत आलो, की पुन्हा कागद.

फोकससाठी आधी झूम करून बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर आणा, स्पष्ट करा आणि मग मागे या. सभेत फोकस आपोआपवर ठेवू नका. मधून कुणी गेलं की कॅमेरा त्याच्याच पाठीकडे बघतो. पडद्यावर तिरक्या रेघा येतात, त्यांना झेब्रा म्हणतात. ती मर्यादा १०० वर ठेवली तर जिथे रेघा दिसतील तिथलं चित्र पांढरं फटक होणार. आभाळावर दिसल्या तर चालतात, चेहऱ्यावर दिसल्या तर उजेड कमी करा.

हेडफोन कानावर असल्याशिवाय लाल बटण दाबायचं नाही, हा आमचा नियम. आवाजाची पट्टी उणे बाराच्या आसपास नाचली पाहिजे, शून्याला टेकता कामा नये. एक आवाज बोलणाऱ्याच्या माइकचा, दुसरा कॅमेऱ्यावरच्या माइकचा आणि थोडा हळू ठेवतो. कुणी ओरडलं आणि पहिला फाटला, तर दुसरा वापरता येतो. मंडपवाल्याच्या अँप्लिफायरमधून तार घेतली तर कॅमेऱ्यावरचा स्विच माइकवरून लाइनवर करा. नाहीतर आवाजाचा नुसता खरखराट येतो. आणि वारा असला की माइकला केसाळ टोपी.

आता त्या संध्याकाळकडे परत येऊ. खरं काम रेकॉर्डिंग थांबल्यावर सुरू होतं.

कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की त्याच्या कडेची छोटी खिट्टी खाली करायची. मग त्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. भरलेली कार्डं लाल डबीत, रिकामी हिरव्या डबीत. कॉपी करताना त्यातल्या फक्त व्हिडिओच्या फायली उचलायच्या नाहीत, पूर्ण कार्ड जसंच्या तसं घ्यायचं. कारण मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा स्वतः तुकड्यातुकड्यांत ठेवतो. तुकडा कुठे संपतो, पुढचा कुठे लागतो, याची नोंद दुसऱ्या फायलींत असते. त्या मागे राहिल्या तर सांध्यावर चित्र किंवा आवाज तुटू शकतो.

कॉपी झाली की कार्डाचा आणि फोल्डरचा आकार शेजारी शेजारी बघायचा. अर्धवट कॉपीचं फोल्डर वरून भरलेलंच दिसतं. आमचं तसंच दिसलं होतं. मग शेवटची फाइल उघडायची आणि तिचा शेवटचा मिनिट चालवून बघायचा. पहिली नव्हे, शेवटची. फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, गाव, विषय असा क्रम ठेवला की काँप्युटर स्वतःच ओळीनं लावतो.

आणि प्रती तीन. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जोंधळ्याचं बी आपल्या सासूबाई एकाच कणगीत ठेवत होत्या का? थोडं घरात राखेत, थोडं जावेकडे, थोडं माहेरी. एका घरी भुंगा लागला, एक घर गळलं, तरी पेरणी चुकत नसे. तसंच हे. एक डिस्क कार्यालयात, दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, वेगळ्या छपराखाली. सभा, जबाब, मोजणी असं जे कधीतरी पुरावा म्हणून लागेल, त्याची तिसरी प्रत तालुक्याच्या गावी. १ टीबीच्या डिस्कमध्ये आमच्या हिशोबानं सत्तर-पंचाहत्तर तास मावतात.

कार्ड कोरं करायला आमच्याकडे एक वही आहे. जिनं कॉपी केली तिची सही, जिनं शेवटचा मिनिट बघितला तिची सही. या दोघी वेगळ्या असल्या पाहिजेत. दोन प्रती तपासल्याशिवाय कार्ड कोरं होत नाही, आणि होतं ते कॅमेऱ्यातच, काँप्युटरवर नाही. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितो.

तरीही चुकून कोरं झालं तर? त्या कार्डावर पुढे काहीही घेऊ नका. लगेच काढा, खिट्टी लावा, जाणकाराकडे न्या. कोरं केलेलं कार्ड बहुतेक वेळा खरंच रिकामं झालेलं नसतं. फक्त यादी पुसलेली असते, आणि बरंचसं परत मिळू शकतं. आमचं गेलं ते कोरं केल्यामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यावर हळदीकुंकू उतरलं म्हणून गेलं.

पुढच्या वर्षी वरच्या वस्तीच्या नळाचा विषय पुन्हा निघाला. आधी महिला सभा, मग ग्रामसभा. या वेळी दोन्ही घेतल्या. वहीत दोन सह्या झाल्या, प्रती तीन घरी गेल्या. त्यानंतरच्या सभेत पुन्हा "तसं ठरलं नव्हतं" असा सूर निघाला, तेव्हा आम्ही शाळेच्या भिंतीवर तो तुकडा लावला. चार मिनिटांचा. कुणी काही बोललं नाही.

नळ अजून पुरा आलेला नाही. पाइप अर्ध्या वस्तीपर्यंत आलाय, आजींचं घर त्याच्या पलीकडे आहे. पण "असं कुणी बोललंच नव्हतं" हे वाक्य आमच्या गावात आता ऐकू येत नाही. आजी दर सभेला येतात, पुढे बसतात, आणि सभा संपली की आम्हाला विचारतात, "शेवटचं बघितलं का गं?"

तुम्हीही कॅमेरा घ्याल तेव्हा आधी वही घ्या.